कॅम्पर व्हॅनमध्ये इन्व्हर्टरवर घरगुती सॉकेट कसे जोडायचे

नाशिकमध्ये इन्व्हर्टर कोणाला नवा नाही. लोडशेडिंगच्या वर्षांत जिन्याखाली नाहीतर बाल्कनीत ट्युब्युलर बॅटरी येऊन बसली, ती अनेक घरांत अजून तिथेच आहे. त्यामुळे विंगर, ट्रॅव्हलर किंवा ईको घेऊन तिची कॅम्पर करायला निघालेल्या माणसाला वाटतं, यात काय एवढं? बॅटरी ठेवायची, इन्व्हर्टर ठेवायचा, पुढे एक एक्स्टेंशन बोर्ड लावायचा. तसं जोडलं तर चालतंही. पण घरच्या इन्व्हर्टरला बाकीची व्यवस्था आयती मिळालेली असते: महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरवर अर्थ केलेला न्यूट्रल, इमारतीच्या अर्थिंगचा खड्डा, मीटरपाशी बसवलेला एमसीबी. गाडी रबरी टायरवर उभी असते, तिच्याकडे यातलं काहीच नसतं. ते सगळं आपल्यालाच गाडीत उभं करावं लागतं.

कामाच्या दोन बाजू आहेत आणि दोन्हींचे धोके वेगळे आहेत. बारा व्होल्टची (डीसी) बाजू शॉक देत नाही, पण आग लावू शकते. २३० व्होल्टची (एसी) बाजू जीव घेते. बॅटरीवरून आली म्हणून ती सौम्य होत नाही. २३० व्होल्टच्या कामाला कधी हात लावला नसेल तर ती बाजू परवानाधारक वायरमनकडे सोपवा. मात्र त्याला खालचा अर्थिंगचा भाग दाखवा, कारण घरं आणि दुकानं वायर करणाऱ्या माणसाला हा प्रश्न सहसा पडलेलाच नसतो.

हत्यार उचलण्याआधी पेठ रोडच्या आरटीओचा विचार करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. सीट काढणं, बॉडी कापणं, छतावर काही उभारणं असं मनात असेल तर परवानगी आधी, काम नंतर. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

वही-पेन घेऊन बसा

इन्व्हर्टर किती वॅटचा घ्यायचा हे दुकानात ठरवू नका. आधी दोन आकडे काढा: एकाच वेळी जास्तीत जास्त किती वॅट चालणार, आणि रात्रभरात एकूण किती वॅट-तास लागणार.

समजा, भंडारदऱ्याला दोन रात्री मुक्काम आहे. लॅपटॉप ६५ वॅट, चार तास: २६० वॅट-तास. बीएलडीसी पंखा २८ वॅट, आठ तास: २२४. दोन मोबाइल मिळून ३०. मिक्सर ५०० वॅटचा, पण चालणार पाच मिनिटं, म्हणजे फक्त ४२. एका दिवसाचे साडेपाचशेच्या आसपास झाले. यात इन्व्हर्टरची स्वतःची भूक मिळवा. साधारण दहा ते पंधरा टक्के रूपांतरात जातात. शिवाय काहीही न लावता नुसता चालू ठेवलेला हजार वॅटचा इन्व्हर्टर दहा-पंधरा वॅट खात बसतो, म्हणजे रात्रीच्या दहा तासांत शे-दीडशे वॅट-तास. झोपताना तो बंद करता यावा म्हणून रिमोट स्विच असलेलाच घ्या. दिवे, पाण्याचा पंप आणि शक्य असेल तर फ्रिजही थेट बारा व्होल्टवर चालणारे घ्या. बॅटरीतली वीज २३० वर चढवून अडॅप्टरने परत बारावर उतरवण्यात अर्थ नाही.

१२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० वॅट-तास असतात आणि त्यातले बरेचसे वापरता येतात. वरच्या हिशेबाला ती एक दिवस आरामात पुरते. दुसऱ्या रात्रीसाठी मधे चार्जिंग हवं, मग ते सोलरने करा नाहीतर गाडी चालवताना डीसी-डीसी चार्जरने (गाडीच्या अल्टरनेटरवरून ही बॅटरी भरणारा). घरची जुनी ट्युब्युलर उचलून गाडीत टाकायचा मोह आवरा. वजन पन्नास किलोच्या पुढे, घाटात ॲसिड हिंदकळणार, चार्ज होताना हायड्रोजन सुटणार आणि आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची. त्यावर लिहिलेले १५० अँपिअर-अवर वीस तासांत सावकाश वापरले तर मिळतात. शंभर अँपिअरने उपसायला लागलात तर त्याच्या बरेच आधी ती मान टाकते.

इंडक्शनचं काय, हे प्रत्येक जण विचारतो. १८०० वॅटची शेगडी अर्धा तास चालली की ९०० वॅट-तास गेले. एका वेळच्या स्वयंपाकात बॅटरी संपली. शिवाय त्यासाठी दोन हजारांच्या वरचा इन्व्हर्टर, म्हणजे बारा व्होल्टवर पावणेदोनशे अँपिअर. तिथे २४ व्होल्टची व्यवस्था करणंच शहाणपणाचं. माझं मत विचाराल तर पहिल्या गाडीत हजार वॅटवर थांबा आणि स्वयंपाक गॅसवर करा. सिलिंडर मात्र इन्व्हर्टरच्या कपाटात नको: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, आणि इन्व्हर्टरमध्ये ठिणगी पडू शकते. मिक्सरच्या बाबतीत एवढंच की ठेचा खलबत्त्यात केला तर चवीलाही बरा आणि बॅटरीलाही.

इन्व्हर्टर निवडताना

प्युअर साइन वेव्ह घ्या. स्वस्तातला मॉडिफाइड साइन वेव्ह मिक्सरची मोटर गुरगुरवतो, काही अडॅप्टर तापवतो आणि बचत होते ती एकदाच. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते, म्हणून मॅन्युअल मागून वाचा: एसी आउटपुटचा न्यूट्रल अर्थला जोडायची परवानगी कंपनी देते का? काही इन्व्हर्टरमध्ये तो आतूनच जोडलेला असतो, काहींत बाहेरून जोडता येतो, आणि काही स्वस्त मॉडेलमध्ये तसं जोडलं की इन्व्हर्टर जळतो. मॅन्युअलमध्ये याचा उल्लेखच नसेल तर तो इन्व्हर्टर घेऊ नका.

बॅटरीचा बीएमएस (लिथियम बॅटरीच्या आतलं तिला जपणारं सर्किट) सलग किती अँपिअर देतो तेही बघा. हजार वॅट काढायचे म्हणजे बॅटरीकडून ९० ते १०० अँपिअर ओढले जातात. बीएमएस शंभराचाच असेल तर मिक्सर सुरू होतानाच्या झटक्याला तो बॅटरी बंद करतो आणि मग माणूस इन्व्हर्टरला दोष देत बसतो.

डीसी बाजू: जाड, आखूड आणि फ्यूजसकट

हजार वॅटला बारा व्होल्टवर, नुकसान धरून, सुमारे ९५ अँपिअर लागतात. बॅटरी उतरत गेली की त्याच कामाला शंभराच्या वर जातात. घरात एअर कंडिशनर किंवा गिझरच्या लाइनवरही १५-१६ अँपिअरच्या पुढे आपण जात नाही, म्हणून हा आकडा हाताला सवयीचा नसतो. दुकानदारही म्हणतो, “दादा, हजार वॅटला एवढी जाड केबल कशाला? दहाची लावा ना.” हिशेब करून बघा. जाण्या-येण्याची मिळून तीन मीटर केबल धरली, तर दहा स्क्वेअर एमएममध्ये अर्धा व्होल्ट वाटेतच जातो आणि केबल ४७ वॅट उष्णता टाकते, म्हणजे प्लायच्या आत एक छोटी सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवल्यासारखं. ३५ स्क्वेअर एमएममध्ये तोच आकडा चौदा वॅटच्या आत येतो. ३५ ची, बारीक तारांची लवचीक तांब्याची केबल घ्या. ‘कॉपर’ म्हणून विकली जाणारी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम केबलही बाजारात असते. टोक सोलून तार खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटरभराच्या आत ठेवा. एसीची वायर लांब गेली तर फारसं बिघडत नाही, डीसीची लांब जाता कामा नये.

केबलच्या टोकांना लग (बोल्टमध्ये अडकवायचं तांब्याचं टोक) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या. पक्कड आणि हातोडी इथे चालत नाही. नाशिकला यात एक सोय आहे: एबीबी, सीमेन्स, क्रॉम्प्टन ग्रीव्हज (आताची सीजी पॉवर) यांच्या कारखान्यांमुळे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पॅनेलचं काम जाणणारी माणसं पुष्कळ आहेत. केबल मापाने कापून न्या आणि एखाद्या पॅनेलवाल्याकडून लग दाबून आणा. लगवर हीट श्रिंक चढवा. सोल्डर करू नका. तापलं की ते मऊ होतं आणि हादऱ्यांनी सोल्डरच्या कडेला तार तुटते.

आता फ्यूज. तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. फ्यूजच्या अलीकडची केबल कोणाच्याच राखणीत नसते, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. हजार वॅटला १२५ अँपिअरचा फ्यूज ३५ च्या केबलसोबत जुळतो. फ्यूज केबलला वाचवण्यासाठी असतो, म्हणून केबल पेलेल त्यापेक्षा मोठा कधीच नको. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर ओतते. असा प्रवाह तोडताना साधा फ्यूज जळूनही आत आर्क, म्हणजे हवेतून वाहत राहणारी ठिणगी, पेटता राहू शकतो. त्यासाठी क्लास-टी फ्यूज सर्वांत भरवशाचा. महाग आहे, पण कंजुषी करायचीच असेल तर दुसरीकडे करा. घरचा एसी एमसीबी इथे बसवू नका. डीसीचा आर्क तोडायला तो बनवलेलाच नसतो.

फ्यूजनंतर दोनशे अँपिअरच्या वरचा बॅटरी आयसोलेटर स्विच, मग इन्व्हर्टरचा प्लस. मायनस थेट बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत तितक्याच जाड केबलने आणा. बॉडीवरून परतीचा रस्ता काढायची मेकॅनिक मंडळींची सवय दिव्यांपुरती ठीक, शंभर अँपिअरला नाही.

जोडणीचा क्रम असा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. फ्यूज काढलेला, आयसोलेटर बंद, इन्व्हर्टरचं बटण बंद. इन्व्हर्टरकडची दोन्ही टोकं आधी घट्ट करा आणि प्लस-मायनस पुन्हा एकदा तपासा, कारण उलट जोडलं तर इन्व्हर्टर त्याच क्षणी जातो आणि त्यावर वॉरंटी चालत नाही. मग बॅटरीचा प्लस, मग मायनस, सर्वांत शेवटी फ्यूज.

आयसोलेटर पहिल्यांदा चालू करताना मोठी ठिणगी पडते. इन्व्हर्टरमधले रिकामे कपॅसिटर एकदम भरायला धावतात. ती टाळायला इंडिकेटरचा २१ वॅटचा बारा व्होल्टचा बल्ब घ्या आणि त्याच्या दोन वायरी बंद आयसोलेटरच्या दोन टोकांना लावून धरा. बल्ब पेटेल आणि हळूहळू मंद होईल. मंद झाला की आयसोलेटर फिरवा. बल्ब मंद होतच नसेल तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे किंवा काहीतरी चालू राहिलंय. तिथेच थांबून शोधा.

बसवायची जागा

इन्व्हर्टरच्या पंख्याला चारही बाजूंनी हवा मिळाली पाहिजे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं कपाट बाहेरच्या चाळीस अंशांपेक्षा बरंच तापतं, आणि बहुतेक इन्व्हर्टर अशा उष्णतेत पूर्ण वॅट देत नाहीत. इगतपुरीच्या पावसात उलट प्रश्न: दार उघडलं की पाणी आत येतं, म्हणून दाराजवळ आणि जमिनीवर काही ठेवू नका. हिवाळ्यात निफाडकडे मुक्काम असेल तर एवढं लक्षात ठेवा, सेलचं तापमान शून्याखाली असताना लिथियम चार्ज करायची नसते.

एसी बाजू

इन्व्हर्टरच्या तोंडावरच्या सॉकेटला मल्टिप्लग आणि त्याला आणखी एक मल्टिप्लग, अशी माळ लावू नका. आउटपुटपासून तीन कोअरची आयएसआय केबल एका छोट्या एमसीबी बॉक्सकडे न्या आणि तिथून सॉकेटकडे. इन्व्हर्टरला टर्मिनल नसून फक्त सॉकेट असेल तर चांगला थ्री-पिन टॉप लावून तिथूनच केबल घ्या.

केबल १.५ स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची. घरभिंतीतली एकच जाड तार असलेली वायर गाडीच्या हादऱ्यांनी कालांतराने मोडते. आपल्याकडे आणखी एक घोटाळा आहे: घरात फेज लाल आणि न्यूट्रल काळा, गाडीत प्लस लाल आणि मायनस काळा. दोन्ही एकाच कपाटात आल्यावर पुढच्या माणसाला कळायचं कसं? म्हणून एसी कायम गोल, तीन कोअरच्या, जाड आवरणाच्या केबलमधूनच न्या, डीसीपासून वेगळ्या वाटेने, आणि दोन्ही टोकांना ‘२३०’ लिहिलेली पट्टी चिकटवा. पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच. दर वीतभरावर क्लिप मारा.

बॉक्समध्ये २५ अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी (अर्थकडे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि सहा अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी. हजार वॅट म्हणजे २३० व्होल्टवर ४.३ अँपिअर, सहाचा पुरतो. शॉर्ट झाल्यावर बहुतेक वेळा एमसीबीआधी इन्व्हर्टर स्वतःच बंद पडेल, कारण त्याच्यात एमसीबीला झटक्यात पाडण्याइतका प्रवाह द्यायची ताकद नसते. तरी केबलच्या राखणीला एमसीबी हवाच. सॉकेट शटरवाले सहा अँपिअरचे घ्या, दोन किंवा तीन पुरे, आणि ते प्लायवर उघडे न ठोकता बंद बॉक्समध्ये बसवा. सोळा अँपिअरचं सॉकेट लावूच नका. लावलं की कोणीतरी त्यात किटली खुपसणारच.

अर्थिंग

घरी मिक्सरच्या धातूच्या बॉडीला फेज लागला तर प्रवाह अर्थच्या वायरने जमिनीत आणि तिथून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ केलेल्या न्यूट्रलकडे परत जातो. गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह जुळत नाही म्हणून आरसीसीबी पडतो. गाडीत वीज जमिनीतून येतच नाही, इन्व्हर्टरमधून येते, आणि तिला तिथेच परत जायचं असतं. आउटपुट तरंगता असेल, म्हणजे दोन्ही वायरींपैकी एकही अर्थला जोडलेली नसेल, तर बॉडीला फेज लागूनही परतीचा रस्ता नसतो. काहीच होत नाही, आरसीसीबीही शांत. हे सुरक्षित वाटतं, पण हा पहिला बिघाड कोणाला कळतच नाही. ओलाव्याने दुसऱ्या वायरचा चॅसिसशी संबंध आला की त्या मिक्सरला आणि गाडीला एकदम हात लावणारा माणूस मधे सापडतो.

म्हणून तीन गोष्टी करायच्या. पहिली: सगळ्या सॉकेटच्या अर्थ पिन हिरव्या वायरने एका अर्थ पट्टीवर आणा. दुसरी: ती पट्टी आणि इन्व्हर्टरच्या केसचा अर्थ बोल्ट चॅसिसला जोडा. केसपासून चॅसिसपर्यंतची वायर मॅन्युअल सांगेल त्या जाडीची, सोळा स्क्वेअर एमएमच्या खाली नको. बॅटरीचा मायनस चॅसिसला जोडलेला असताना आत कधी तिचा प्लस केसला लागला तर तो सगळा प्रवाह याच वायरने जाऊन फ्यूज उडवणार असतो. चॅसिसवर रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, वर ग्रीस लावा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. तिसरी: मॅन्युअलची परवानगी असेल आणि आतून आधीच जोडलेला नसेल, तर न्यूट्रल एकाच ठिकाणी अर्थ पट्टीला जोडा. ही जोडणी आरसीसीबीच्या आधी, इन्व्हर्टरच्या बाजूला हवी. आरसीसीबीनंतर केलीत तर बिघाडाचा प्रवाहही त्याच्यातूनच परत जाईल आणि तो पडणारच नाही.

सोसायटीच्या पार्किंगमधली वीज

घरी उभी असताना बाहेरून वीज घ्यायची असेल तर दोन पोलचा, १-०-२ असा रोटरी चेंजओव्हर स्विच लावा: एकीकडे इन्व्हर्टर, एकीकडे बाहेरची लाइन, मधे बंद. आरसीसीबी चेंजओव्हरच्या पुढे, म्हणजे तो दोन्हींवर नजर ठेवतो. न्यूट्रल-अर्थची जोडणी चेंजओव्हरच्या इन्व्हर्टर बाजूला, म्हणजे बाहेरची लाइन घेताच ती सुटते. त्या लाइनचा न्यूट्रल आधीच ट्रान्सफॉर्मरवर अर्थ झालेला असतो. दोन्ही पुरवठे क्षणभरही एकत्र आले तर इन्व्हर्टर गेलाच. आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवून चालू सॉकेटमध्ये घालू नका. तिचं एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात. बॅटरीचा चार्जर चेंजओव्हरच्या आधी, फक्त बाहेरच्या लाइनवर घ्या, नाहीतर इन्व्हर्टर आपल्याच बॅटरीला चार्ज करत तिला रिकामी करेल.

तपासणी

इन्व्हर्टर बंद आणि त्याची एसी केबल सोडलेली असताना मल्टिमीटरने बघा: प्रत्येक सॉकेटची अर्थ पिन ते चॅसिस एक ओहमच्या आत, फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थमध्ये काहीही संबंध नाही. मग केबल जोडून इन्व्हर्टर चालू करा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढाच, न्यूट्रल-अर्थ शून्य. अर्थशी दोन्हीकडे सव्वाशेच्या आत-बाहेर सारखा आकडा आला तर आउटपुट अजून तरंगता आहे. इथे खिशातल्या टेस्टरवर विसंबू नका. तरंगत्या आउटपुटवर तो दोन्ही भोकांत पेटू शकतो.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. पडला म्हणजे त्याची यंत्रणा ठीक आहे, इतकंच कळतं. ते बटण अर्थच्या वायरीला विचारतच नाही. न्यूट्रलची जोडणी नसली तरी तो पडेल. खरी परीक्षा वायरमनकडून करून घ्या: आरसीसीबी टेस्टरने, किंवा फेज आणि अर्थमध्ये पंधरा वॅटचा फिलामेंट बल्ब लावून. त्यातून सुमारे ६५ मिलिअँपिअर जातात, आरसीसीबी लगेच पडलाच पाहिजे. त्या वेळी गाडीच्या पत्र्याला कोणी हात लावायचा नाही. बल्ब पेटून राहिला किंवा मुळीच पेटला नाही आणि आरसीसीबीही हलला नाही, तर अर्थिंग कुठेतरी चुकलंय.

शेवटी भार द्या. लॅपटॉप आणि मिक्सर पाच मिनिटं चालवा, मग सगळं बंद करून प्रत्येक लगला हात लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो पुन्हा दाबून घ्या.

पहिला कसारा घाट किंवा सप्तशृंगी गडाची चढण झाली की घरी येऊन डीसीचे सगळे नट पान्याने तपासा, एकदोन सैल झालेले सापडतातच. आरसीसीबीचं बटण महिन्यातून एकदा दाबा. गाडीत क्लास-टीचा एक जादा फ्यूज आणि त्याच्या नटाचा पाना ठेवा, कारण घोटीच्या दुकानात गाडीचे छोटे फ्यूज मिळतील, पण १२५ अँपिअरचा मिळेल अशी आशा धरू नका.